अदृश्य जलाशयाच्या काठी



यंदाच्या स्मृतिव्याख्यानासाठी ग्रामेतिहास हा विषय ठरला आणि पाण्याकाठच्या एखाद्या लहानशा, एकान्तातल्या गावाचा भूगोल व इतिहास सांगावा अशी सूचना चालकांनी केली, तेव्हा नगर जिल्ह्यातील कितीतरी नावे ओठांवर येणे साहजिक होते. प्रवरेच्या काठी नेवासे आहे, जेथे शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली. गोदावरीच्या काठी पुणतांबे आहे. भीमेच्या वळणावर सिद्धटेक आहे. या साऱ्या पुण्यक्षेत्रांना नमस्कार करून मी आज जे गाव निवडले आहे त्याला नदी नाही, घाट नाही, नावाडी नाही, आणि पुराणात त्याचे माहात्म्यही नाही. तरीही मौजे हिवरे बाजार, तालुका नगर, हे पाण्याकाठचे गाव आहे असे माझे प्रतिपादन आहे. त्याचा काठ शिवारावर आडवा पसरलेला दिसत नाही, कारण तो विहिरीच्या कड्यावरून खाली उतरत जातो. आणि या गावाचा गेल्या साडेतीन दशकांचा इतिहास म्हणजे तो उभा काठ कोठवर आला आणि कोठवर गेला हे सर्वांनी मिळून पाहण्याचा, आणि पाहिल्यावर त्याप्रमाणे वागण्याचा इतिहास आहे.

प्रथम स्थळाचा परिचय करून देतो. अहिल्यानगर शहरापासून, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरापासून, पश्चिमेला सुमारे सतरा किलोमीटरवर, नगर–कल्याण रस्ता सोडून आत वळले की डोंगरांच्या वेढ्यात हे गाव लागते. सह्याद्रीपासून निघालेली हरिश्चंद्र–बालाघाटाची रांग या जिल्ह्यातून आग्नेयेकडे जाते आणि उत्तरेचे पाणी गोदावरीला व दक्षिणेचे भीमेला वाटून देते. त्या रांगेच्या उतरत्या, बोडक्या झालेल्या शाखा येथवर येऊन पोचतात. गावाचे एकूण क्षेत्र सुमारे ९७५ हेक्टर, वस्ती बाराशेच्या आसपास. पश्चिम वारे आपले पाणी घाटमाथ्यावरच सोडून येतात, त्यामुळे येथला पाऊस वर्षाकाठी सरासरी ४०० मिलिमीटरच्या आतबाहेर, आणि तोही चार महिन्यांत सारखा वाटलेला नसून पाचदहा जोराच्या सरींत संपणारा. डोंगरउतारावर मुरमाड बरड, पायथ्याशी मध्यम जमीन, ओढ्याच्या कडेला थोडीशी काळी: दख्खनच्या कोणत्याही जिरायत गावाचे असावे तसे हे शिवार आहे.

या शिवाराखाली काय आहे याचा विचार मात्र नीट केला पाहिजे, कारण पुढील सारी कथा त्यावर उभी आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर पसरून आपला महाराष्ट्र घडला. प्रत्येक थराचा खालचा भाग घट्ट, कठीण, पाण्याला वाट न देणारा. आणि वरचा भाग वायूंच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेला, अनारशासारखा जाळीदार. पाणी साठते ते या जाळीत, तिच्यावरील कुजलेल्या मुरमात आणि कठीण खडकाच्या सांध्याभेगांत. गंगायमुनेच्या गाळाच्या प्रदेशात जमिनीखाली पाण्याचा अफाट संचय असतो. आपल्या काळ्या पाषाणात त्याच्या घनफळाच्या शंभर भागांत एक ते तीन भागच पाणी मावते. म्हणजे हे भांडे लहान आहे. ते एका चांगल्या पावसाळ्यात भरू शकते, आणि पंपांची शर्यत लागली तर एका उन्हाळ्यात कोरडेही होऊ शकते. शिवाय खडकातल्या या भांड्याला सर्व्हे नंबरांचे बांध ठाऊक नाहीत. एकाच्या विहिरीतला उपसा दुसऱ्याच्या विहिरीचा तळ उघडा पाडतो.

आता इतिहासाकडे वळू. या भागाच्या राजकीय वैभवाचा काळ निजामशाहीचा. पंधराव्या शतकाच्या अखेरीस अहमद निजामशहाने नगर वसविले, आणि त्या शहराच्या बागा, महाल, पेठा यांच्यासाठी कापूरवाडी, शेंडी, वडगाव अशा भोवतालच्या गावांतून खापरी नळांनी पाणी आणले गेले. ती जलव्यवस्था शिल्पदृष्ट्या थोर होती यात शंका नाही. फराहबागेसारखी जलवेष्टित वास्तू पाहताना आजही मन विस्मित होते. परंतु तिचा ओघ एकाच दिशेचा होता: पाणी गावचे, उपभोग शहराचा. आणि भोवतालच्या खेड्यांचा राज्यकर्त्यांशी संबंध आला तो महसुलापुरता. मलिक अंबरची जमाबंदी प्रसिद्धच आहे. तिच्यात रयतेचे हित होते असे इतिहासकार सांगतात आणि ते खरे असावे, पण मोजमाप झाले ते जमिनीचे आणि पिकाचे.

इंग्रजी अमलात हेच मोजमाप शास्त्रशुद्ध झाले. गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन अधिकाऱ्यांनी १८३६ मध्ये इंदापूर तालुक्यात जी पैमाष आरंभली आणि १८४७ मध्ये जिचे संयुक्त नियम ठरले, ती दख्खनभर पसरली. मातीची खोली आणि तिचे दोष पाहून जमिनीच्या नऊ प्रती लावण्यात आल्या, प्रत्येक तुकड्याला क्रमांक आणि आकार मिळाला. रयतेने स्वखर्चाने विहीर बांधली तर त्या सुधारणेवर सारा वाढवू नये, हे तत्त्वही पुढे कायद्यात आले. ते उदार होते, आणि त्याने विहिरी वाढल्या. पण या उदारपणामुळे विहिरीतले पाणी सरकारी दफ्तराच्या बाहेरच राहिले. मातीच्या बोटाबोटाची नोंद ठेवणाऱ्या त्या अतिशय चोख यंत्रणेने मातीखालच्या पाण्याची पातळी कधी विचारलीच नाही.

त्या दफ्तराखाली रयतेची अवस्था कशी होती याची साक्ष १८७५ सालाने दिली. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात कापसाला आलेला भाव ओसरला, सारा वाढला, सावकारांनी हात आखडले, आणि पुणे जिल्ह्यातील सुपे येथे उसळलेला दंगा नगर जिल्ह्यातील पारनेर, श्रीगोंदे, नगर व कर्जत या तालुक्यांत पसरला. दंगेखोरांनी माणसे मारली नाहीत. त्यांनी खतपत्रे आणि रोखे हिसकावून जाळले. लगेच पुढल्या वर्षी, १८७६ मध्ये, मोठा दुष्काळ आला. दौंड–मनमाड हा लोहमार्ग, जो नगरवरून जातो आणि १८७८ मध्ये सुरू झाला, त्याच्या भरावाची माती दुष्काळी मजुरांनी वाहिलेली आहे. खडी फोडा, माती वाहा, मजुरी घ्या आणि पाऊस पडला की घरी जा, ही दुष्काळाशी झुंजण्याची सरकारी रीत तेव्हापासून रूढ झाली ती जवळजवळ शंभर वर्षे तशीच राहिली.

विसाव्या शतकात जिल्ह्याचे दोन जिल्हे झाले, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही. १९२६ मध्ये भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले, प्रवरेच्या कालव्यांनी उत्तर भागात ऊस आणला, आणि विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या उद्योगाने प्रवरेकाठी सहकारी साखर कारखाना उभा राहिला. दक्षिणेचे नगर, पारनेर, पाथर्डी, कर्जत, जामखेड हे तालुके मात्र आभाळाकडे पाहत राहिले. उसाची बैलगाडी आणि दुष्काळी कामाची पाटी, दोन्ही एकाच जिल्ह्याच्या मुद्रा.

हिवरे बाजार दुसऱ्या मुद्रेखालचे. कुस्तीगिरांचे गाव म्हणून त्याचा पंचक्रोशीत लौकिक होता. १९७२ च्या दुष्काळाने त्याचा कणा मोडला, असे तेथील वृद्ध सांगतात. परंतु माझ्या मते दुष्काळाने पूर्वीच चाललेल्या क्षयाला केवळ उघडे केले. डोंगरावरची झाडे सरपणाला गेली, मोकळ्या गुरांनी गवताचे मूळ ठेवले नाही, आणि उघड्या उतारावरून पाऊस माती घेऊन धावू लागला, म्हणजे तो मुरमात मुरण्याचा अवधीच नाहीसा झाला. पावसाचा आकडा तोच राहिला तरी गावाला तो कमी पडू लागला. गावात सुमारे नव्वद विहिरी होत्या, त्यांचे पाणी ऐंशी ते एकशेवीस फुटांवर गेले. तरुण पुण्यामुंबईकडे गेले. जे राहिले त्यांच्यातील पुष्कळांना दारूने धरले, आणि तालमीच्या अंगात भांडणे शिरली. सरकारी नोकराला या गावी धाडणे ही शिक्षेची बदली समजली जाई.

१९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले. वाणिज्य शाखेची पदव्युत्तर पदवी घेतलेला, क्रिकेटमध्ये रमणारा हा तरुण शहरात सुखाने नोकरी करू शकला असता. त्यांच्या कर्तृत्वाचे वर्णन अनेकांनी केले आहे, २०२० च्या पद्मश्री पुरस्काराने शासनानेही त्यावर मुद्रा उमटविली आहे. म्हणून त्याची पुनरुक्ती मी करीत नाही. त्यांनी आरंभ शाळेपासून केला आणि पाण्याकडे मागाहून वळले, हा क्रम मात्र मला फार अर्थपूर्ण वाटतो. ज्या गावाला एकत्र बसण्याची सवय राहिलेली नाही त्याला बंधारा बांधून देऊन काय साधणार? शेजारच्या पारनेर तालुक्यात राळेगणसिद्धीला अण्णा हजारे यांनी १९७५ पासून हेच ओळखले होते. त्यांच्या कामातून स्फुरलेल्या शासनाच्या आदर्श गाव योजनेत हिवरे बाजार आले, आणि त्या योजनेची बंधने गावाने स्वीकारली: कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी आणि श्रमदान. पुढे गावाने आणखी एक बंधन स्वतःहून घातले, शेतीसाठी बोअरवेल घ्यायची नाही. या शेवटल्या बंधनाकडे मी पुन्हा येईन.

कामे काय झाली ती थोडक्यात सांगतो, कारण तांत्रिकदृष्ट्या त्यांत अपूर्व असे काही नाही. डोंगरउतारावर समपातळीत सलग चर खोदले, चरांच्या भरावावर झाडे लावली, ओढ्यांवर दगडी आणि मातीचे बांध, नालाबांध, पाझर तलाव घातले. पैसा बव्हंशी रोजगार हमी योजनेचा. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून निघालेली, १९७२ च्या दुष्काळात फैलावलेली आणि १९७७ च्या कायद्याने हक्काच्या पदवीला पोचलेली ही योजना आपल्या राज्याने देशाला दिलेली मोठीच देणगी आहे. फक्त येथे पाटी वाहणाऱ्या माणसाला आपण कोणाच्या विहिरीसाठी माती उचलतो हे ठाऊक होते. चराईबंदीमुळे गवत आले ते कापून नेण्याची मुभा होती, गुरे सोडण्याची नव्हती. त्यामुळे गोठ्यात बांधलेली दुभती जनावरे वाढली आणि १९९० च्या दशकाच्या मध्यात रोज दीडशे लिटर निघणारे दूध २०१० च्या सुमारास चार हजार लिटरांवर गेले. विहिरींची संख्या तीनशेच्या जवळ आली, आणि त्यांतले पाणी पंधरा ते चाळीस फुटांवर. शहरात गेलेली कुटुंबे परतू लागली. १९९५ मध्ये एकशे अडुसष्ट कुटुंबे दारिद्र्यरेषेखाली होती. पंधरा वर्षांनी त्यांतली तीन उरली.

येथपर्यंतची कथा सुखद आहे, आणि बहुतेक वर्णनकार येथेच थांबतात. मला मात्र वाटते की गावाची खरी परीक्षा पाणी वर आल्यानंतर सुरू झाली. टंचाईने माणसे एकत्र येतात. विपुलतेत ती पुन्हा वेगळी होतात. पाणलोटाची कामे आपल्या राज्यात शेकडो गावांत झाली, त्यांतील पुष्कळ गावांत पाणी वाढलेही, आणि वाढलेल्या पाण्यावर ज्याच्याकडे भांडवल होते त्याने खोल बोअर घेतले, ऊस लावला, आणि पाचसात वर्षांत गावच्या विहिरी पूर्वीच्याच तळाला जाऊन टेकल्या. सर्वांच्या श्रमाने भरलेले भांडे थोड्यांनी रिकामे केले. हे लोक दुष्ट होते काय? नाही. त्यांनी कायद्याने दिलेला हक्क बजावला, एवढेच.

हा हक्क कोठून आला? १८४३ मध्ये इंग्लंडात एका खटल्याचा निकाल लागला. एका सूतगिरणीची विहीर शेजारच्या कोळशाच्या खाणीने आटवली म्हणून गिरणीवाल्याने दावा आणला होता, आणि न्यायालयाने म्हटले की जमिनीखालचे पाणी कोठून कसे वाहते हे कोणाला दिसत नाही, म्हणून ज्याची जमीन त्याचे पाणी, शेजाऱ्याला तक्रारीस जागा नाही. लँकेशायरच्या ओल्या मातीतील हा न्याय १८८२ च्या भारतीय सुखाधिकार अधिनियमात आला आणि १८९१ मध्ये तो अधिनियम मुंबई इलाख्याला लागू झाला. दिसत नाही म्हणून सामाईक नाही, हे त्या न्यायाचे सूत्र. जे पाणी दिसते त्याच्याविषयी आपल्या लोकांनी असा विचार कधीच केला नव्हता. पांझरेच्या खोऱ्यातील फड पद्धतीत बंधाऱ्याचे पाणी फडाफडाने, पाटकऱ्याच्या देखरेखीखाली, पिढ्यान्‌पिढ्या वाटले गेले. स्पेनमधील व्हॅलेन्सिया नगरीत कालव्यांच्या शेतकऱ्यांचे न्यायासन आजही दर गुरुवारी मुख्य चर्चच्या दारात बसते आणि पाण्याचे तंटे तोंडी ऐकून जागच्या जागी निकालात काढते. पाटातले पाणी डोळ्यांसमोर असते. चोरी झाली तर पाऊल उमटते. भूगर्भातील पाण्याची चोरी निःशब्द असते, आणि कायद्याच्या दृष्टीने ती चोरीही नसते.

हिवरे बाजारने या अदृश्य पाण्याला दृश्य करण्याचा उपाय काढला, आणि याच गोष्टीला मी या गावाचा सर्वांत मोठा पराक्रम मानतो. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या मार्गदर्शनाने गावात पाऊस मोजला जाऊ लागला, ठरावीक विहिरींची पातळी नोंदली जाऊ लागली, आणि पावसाळा सरताच पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडला जाऊ लागला: पाऊस इतका, मुरलेले पाणी इतके, माणसांना आणि जनावरांना पिण्यासाठी इतके, पुढल्या वर्षासाठी राखून ठेवायचे इतके, आणि उरेल त्यावर रब्बीची पिके. पाऊस चांगला तर गहू, कांदा, बटाटा; पाऊस कमी तर ज्वारी, हरभरा आणि थोडा भाजीपाला; उन्हाळी पीक घ्यायचे की नाही हे शिल्लक पाहून. ऊस आणि केळी बाद.

या हिशेबाची योग्यता कळण्यासाठी आपण स्वतःच थोडे गणित करू. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर दहा हजार लिटर पाणी होते. या न्यायाने ९७५ हेक्टरांवर ४०० मिलिमीटर म्हणजे ३९० कोटी लिटर पाणी आभाळातून गावाच्या हद्दीत उतरते. त्यातील बराच भाग ऊन आणि वारा परत नेतात, पिके व गवत पितात, काही वाहून जाते. तरीही बाराशे माणसांना प्रत्येकी रोज ५० लिटर धरून वर्षभर लागणारे पाणी सव्वादोन कोटी लिटरांच्या आतच भरते, म्हणजे पडलेल्या पावसाचा सुमारे पावणेदोनशेवा हिस्सा. आणि एक हेक्टर उसाला आपल्या हवेत जवळजवळ दोन कोटी लिटर पाणी लागते. जवळजवळ साऱ्या गावाचे वर्षाचे पिण्याचे पाणी एका हेक्टर उसात जिरते! ज्या ग्रामसभेपुढे हे आकडे फळ्यावर लिहिले जातात तिला उसाच्या बंदीसाठी कोणाच्या धाकाची गरज राहत नाही, आणि बोअरवेलच्या बंदीचे मर्मही येथेच आहे: उघड्या विहिरीचे पाणी कोणीही वाकून पाहू शकतो, दोनशे फुटांच्या नळीत काय चालले आहे ते तिच्या मालकालाही दिसत नाही.

यात एका व्यक्तीच्या अधिकाराचा भाग किती आणि ग्रामसभेचा किती, असा प्रश्न मला अनेकदा विचारला जातो. तो रास्त आहे. एकच नेता दीर्घकाळ लाभणे हे गावाचे भाग्य असते तसे ओझेही असते. जमीन बाहेरच्या माणसाला विकू नये असा संकेत गावाने पाळला आहे; तो पाण्याच्या रक्षणासाठी आवश्यक होता असे मला वाटते, तरी त्यातून गाव स्वतःत मिटून जाण्याचे भयही मी नाकारीत नाही. वैयक्तिक आयुष्यात शिरणाऱ्या काही बंधनांविषयी माझे मन अजून निःशंक झालेले नाही. पण पाण्याच्या बाबतीत एक गोष्ट मी ठामपणे सांगेन. विलासराव साळुंखे यांनी १९७० च्या दशकात पुरंदर तालुक्यातील नायगावी पाणी पंचायत उभारली तेव्हा पाणी जमिनीप्रमाणे न देता माणशी द्यावे, भूमिहीनालाही त्यात वाटा असावा, असे तत्त्व त्यांनी घातले होते. हिवरे बाजार तेथवर गेलेले नाही. तेथे उपसा अजून विहिरीच्या मालकाचाच आहे. गावाने मालकी मोडली नाही, मालकाच्या पिकाला मात्र मर्यादा घातली. न्यायाच्या दृष्टीने ही मधली पायरी आहे, आणि ती टिकाऊ ठरली याचे कारणही कदाचित हेच असेल.

दुसरी अडचण भूगोलाचीच आहे. खडकातील जाळीला गावाची हद्द कळत नाही, असे मी मघाशी म्हटले. शिवेपलीकडच्या गावांत खोल बोअर होत राहिले तर या गावाच्या संयमाने साठलेले पाणी कोणत्या बाजूला सरकेल? ग्रामसभेचा ठराव शिवेपर्यंत चालतो. त्यापुढे राज्याचा कायदाच हवा. तो नाही असे नाही. महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ हा २०१४ पासून अमलात आहे, आणि साठ मीटरांपेक्षा खोल विहीर शेतीसाठी घेण्यास त्यात मनाई आहे. तथापि यंत्राची गाडी रात्री येते, सकाळी जाते, आणि मनाई राजपत्रात राहते. सरकारी अंमलदार गावोगाव पहारा देऊ शकणार नाही हे उघड आहे. पहारा देऊ शकेल ते गाव, आणि गाव पहारा देईल ते त्याच्या हातात हिशेब असेल तरच.

म्हणून या व्यासपीठावरून माझी एक मागणी आहे, आणि ती महसूल खात्याकडे आहे. आपल्या तलाठ्याच्या दफ्तरात एकवीस गाव नमुने असतात. सात-बारा सर्वांच्या परिचयाचा. त्यातील बारा क्रमांकाच्या नमुन्यात कोणते पीक आणि ते कोणत्या साधनाने भिजते हे लिहिले जाते. चौदा क्रमांकाच्या नमुन्यात गावाच्या पाणीपुरवठ्याची साधने नोंदली जातात. साधने मोजली, पाणी मोजले नाही. गोल्डस्मिड आणि विंगेट यांच्या पैमाषीत राहिलेली उणीव आजच्या दफ्तरातही तशीच चालत आली आहे. हिवरे बाजारच्या ग्रामसभेपुढे दरवर्षी जो ताळेबंद मांडला जातो तो बाविसावा नमुना म्हणून प्रत्येक गावाच्या दफ्तरात घालावा: जून ते सप्टेंबर पडलेला पाऊस, ऑक्टोबरात आणि मार्चमध्ये निरीक्षण-विहिरींची पातळी, पिण्यासाठी राखलेले पाणी, पिकांना मंजूर केलेले पाणी, आणि खाली ग्रामसभेच्या ठरावाचा क्रमांक व तारीख. एका पानाचे हे काम आहे. त्याला धरणाचा खर्च लागत नाही, पाऊस मोजायला साधे पर्जन्यमापक पुरते आणि विहिरीची पातळी मोजायला दोरी पुरते. पहिल्या वर्षी दुष्काळी तालुक्यांतील गावांपासून आरंभ केला, आणि शेजारच्या गावांचे ताळेबंद एकत्र करून तालुक्याच्या कचेरीत पाणलोटवार लावले, तर शिवेपलीकडच्या उपशाविषयी बोलायलाही ग्रामसभेला लेखी आधार मिळेल.